इंग्रजीतली आडवळणी अनेकवचनं: पाठांतर कमी करून कशी शिकवावीत?

गिरणाकाठ
पाचवी ते दहावीच्या मराठी आणि सेमी माध्यमाच्या मुलांसाठी हा धागा काढतोय. व्याकरणाच्या पुस्तकांत अनेकवचनांची यादी साठ-सत्तर जोड्यांची असते. मॅन-मेन, बॉक्स-बॉक्सेस, नाइफ-नाइव्ह्ज, शीप-शीप असं सगळं एकाच रांगेत, मागचापुढचा धागा नसलेलं. पोरं ते घोकतात. मग पेपरात यादीबाहेरचा शब्द आला की गडबडतात. रूफचं ‘रूव्ह्ज’ करतात, ह्युमनचं ‘ह्युमेन’ करतात, ऑक्सनला पुन्हा एस लावतात. म्हणजे मूल बुद्धी चालवतंय, नियमही लावतंय, पण चुकीच्या घराचा.

प्रश्न तीन. या शब्दांची कुळं पाडता येतील का? कोणत्या कुळाला कारण सांगता येतं आणि कुठे निव्वळ पाठ करावं लागतं? आणि जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मुलांना जवळची वाटतील अशी उदाहरणं कोणती? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पांझरा_धुळे
सर, आडवळणी शब्दांना हात घालण्याआधी सरळ वाट पक्की करा. अर्ध्याअधिक चुका तिथेच होतात.

इंग्रजी अनेकवचनाचा एस लिहायला एक असला, तरी उच्चारायला तीन आहेत. कॅट्स, बुक्स, कप्स यांत ‘स’. डॉग्ज, बेड्ज, फार्मर्ज यांत ‘ज’, आणि तोही आपल्या ‘जरा’, ‘जाळं’ यातला दंत्य ज, ‘जीभ’मधला नव्हे. बसिज, डिशिज, बॉक्सिज यांत ‘इज’. घशावर दोन बोटं ठेवून शब्दाचा शेवटचा आवाज काढायला लावा. घसा थरथरला तर ज, नाही थरथरला तर स. शेवटीच स, श, च, ज असा घासणारा आवाज असेल तर त्याला चिकटून दुसरा स बोलताच येत नाही, म्हणून मध्ये ‘इ’ घालावा लागतो. लिहिताना ई-एस लागतं ते याचसाठी. मुलाला हे कळलं की ‘एस, एस-एस, एस-एच, सी-एच, एक्स, झेड’ ही यादी पाठ करावी लागत नाही. तोंडच सांगतं.

आणि यादीपेक्षा तोंड जास्त खरं आहे. स्टमकचं स्पेलिंग सी-एच ने संपतं, पण उच्चार ‘क’. म्हणून स्टमक्स, नुसता एस. मोनार्कचंही तसंच. यादीवर विसंबलेलं मूल इथे ई-एस लावून मोकळं होतं. क्विझ लिहिताना मात्र झेड दुप्पट करायचा आणि मग ई-एस.

वाय चा नियम सगळ्यांना येतो. वायच्या आधी व्यंजन असेल तर आय-ई-एस (सिटी, बेबी, लेडी), स्वर असेल तर नुसता एस (की, डे, बॉय, मंकी). दोन गोष्टी सुटतात. विशेषनामात वाय बदलत नाही, वर्गात दोन मेरी असतील तर ‘टू मेरीज’ लिहिताना वाय तसाच राहतो. आणि आय ने संपणाऱ्या आपल्या शब्दांना फक्त एस: साडी, रोटी, भाकरी इंग्रजीत लिहिल्या तर शेवटी आय-एस. कळण्याच्या भाकरीवर निबंध लिहिताना मुलं आय-ई-एस करतात, कारण कान म्हणतो ‘सिटीज’सारखंच आहे. पण तिथे मुळात वाय नाहीच, मग बदलणार काय?

ओ ने संपणाऱ्यांचं थोडं पाठ करावं लागतं. ओच्या आधी स्वर असेल तर नक्की एस: रेडिओ, स्टुडिओ, व्हिडिओ. कापून छोटा केलेला शब्द असेल तरी एस: फोटो, किलो. ई-एस हवाच असे रोजचे शब्द म्हणजे पोटॅटो, टोमॅटो, हीरो, एको. मँगो आणि बफेलो यांना दोन्ही चालतं, मॉस्किटोला बहुतेक ई-एस लावतात. मुलाने दोन्हीपैकी एक लिहिलं तर गुण कापू नयेत, ही कळकळीची विनंती.

सातपुडा_पायथा
एफ चं कूळ मी घेतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे.

एफ किंवा एफ-ई जाऊन व्ही-ई-एस होतं असे शब्द मोजकेच आहेत. काफ, हाफ, नाइफ, लीफ, लाइफ, लोफ, सेल्फ, शीफ, शेल्फ, थीफ, वाइफ, वुल्फ, एल्फ. तेरा. यांतला शीफ म्हणजे कापणीनंतर बांधलेली पेंढी, हे आपल्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळतं. दोन्ही रूपं चालणारे चार लक्षात ठेवा: हूफ, स्कार्फ, ड्वार्फ, व्हार्फ. बाकी सगळ्यांना मुकाट एस: रूफ, चीफ, प्रूफ, बिलीफ, रीफ, गल्फ, सेफ. डबल एफ असेल तर बघायलाच नको, क्लिफ, कफ, शेरीफ, नुसता एस.

आता कारण. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत व्ही हे अक्षर वापरात नव्हतं. एफ एकच, पण दोन स्वरांच्या किंवा घोष (घसा थरथरणाऱ्या) आवाजांच्या मध्ये सापडला की त्याचा उच्चार ‘व्ह’ व्हायचा. वुल्फचं तेव्हाचं अनेकवचन ‘वुल्फास’ असं लिहीत आणि ‘वुल्व्हास’ असं बोलत. पुढे व्ही अक्षर आलं आणि जे बोलत होते तेच लिहू लागले. चीफ, प्रूफ, ब्रीफ, ग्रीफ हे शब्द मात्र १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आले. तोवर हा व्ह चा खेळ जुना झाला होता, म्हणून नव्या पाहुण्यांना सरळ एस मिळाला. रोजच्या घरगुती, जुन्या शब्दांत व्ही. दरबारी, कागदोपत्री शब्दांत एफ. इतकं मुलांना सांगितलं तरी पुष्कळ.

एक खरा सापळा आहे, तो पुस्तकं सांगत नाहीत. बिलीफचं अनेकवचन बिलीफ्स. पण व्ही चं रूपही मुलाने वाचलेलं असतं, ‘ही बिलीव्ज’. ते क्रियापद आहे. प्रूफ्स नाम, प्रूव्ज क्रियापद. लाइफमध्ये तर स्पेलिंग एकच: नाम असेल तर ‘लाइव्ज’ वाचायचं, क्रियापद असेल तर ‘लिव्ज’. फळ्यावर एकच वाक्य लिहून दोन्ही वाचून घ्या: शेतकरी कष्टाने जगतो आणि अनेकांचे जीव वाचवतो, अशा अर्थाचं.

वाघूर
सातपुडा सर, रूफ हा तर फ्रेंच शब्द नाही ना? जुना, घरगुती आहे. मग रूव्ह्ज का नाही? घरावरचं छप्पर म्हणजे लीफ-लोफच्याच पंगतीतलं.

सातपुडा_पायथा
बरोबर पकडलंत ताई. रूफ अस्सल जुना इंग्रजी आहे आणि रूव्ह्ज हे रूप वापरलंही गेलेलं आहे. पण आज प्रमाण लेखनात रूफ्सच. म्हणून मुलांना ‘फ्रेंच तो एस’ हा कायदा म्हणून देऊ नका, कल म्हणून द्या. कल चुकतो तिथे शब्दाचं नाव घेऊन सांगायचं, रूफ अपवाद. कारणं सांगायची तर त्यांची हद्दही सांगावी लागते, नाहीतर पोरगं कारणालाच नवा नियम समजतं.

आणखी एक बारीक बाब. शब्दाचा अर्थ मूळ घरातून बाहेर पडला की व्ही जातो. चित्रकलेतला वस्तुचित्राचा प्रकार म्हणजे ‘स्टिल लाइफ’, त्याचं अनेकवचन ‘स्टिल लाइफ्स’. कॅनडातल्या टोरांटोच्या आइस हॉकी संघाचं नाव ‘मेपल लीफ्स’ आहे, लीव्ह्ज नाही.

शब्दवेल्हाळ
स्वर पालटणारं कूळ सगळ्यात छोटं आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. सातच शब्द: मॅन, वुमन, फूट, टूथ, गूज, माउस, लाउस. यांना जोडून झालेले पोलिसमन, जंटलमन वगैरे याच घरचे. वुमनच्या बाबतीत लिहिताना फक्त ए चा ई होतो, पण बोलताना पहिला स्वरही फिरतो: वुमन, विमिन. पुष्कळ मुलं (आणि मोठी माणसंही) दोन्हीला ‘वुमेन’च म्हणतात. तिथे थांबून दहा वेळा म्हणून घ्यावं.

स्वर का पालटला? मराठीतच बघा. फूल-फुलं, मूल-मुलं. अनेकवचनाचा प्रत्यय शेवटी लागला, पण त्याचा धक्का आत बसला आणि दीर्घ ऊ चा ऱ्हस्व उ झाला. कणीस-कणसं मध्ये तर आतली ई गळूनच गेली. आता कल्पना करा, काही शतकांनी शेवटचा तो अनुस्वारी अ झिजून गेला. मग उरेल काय? फूल आणि ‘फुल’. फक्त आतला स्वर सांगेल की एक की अनेक.

इंग्रजीत नेमकं हेच घडून गेलंय. माउसचं पूर्वज रूप ‘मूस’, अनेकवचन ‘मूसिझ’च्या जवळचं. शेवटच्या ‘इ’साठी जीभ पुढे जाते, ती आधीच्या ‘ऊ’पासूनच पुढे सरकायला लागली. ऊ बदलला. नंतर शेवटचा प्रत्यय झिजून पडला. मागे राहिला बदललेला स्वर, तोच पुढे माइस झाला. फूट-फीट, गूज-गीज, टूथ-टीथ सगळे याच वाटेने आले. मराठी मुलाला हे परकं वाटायचं कारण नाही. कणीस-कणसं म्हणणाऱ्या पोराला फूट-फीट समजतंच, फक्त कुणी तरी शेजारी शेजारी ठेवून दाखवायला हवं.

चुका कुठे होतात ते लिहितो. ह्युमन, जर्मन, रोमन, नॉर्मन, शामन, टॅलिसमन यांत ‘मॅन’ दिसतो, पण तो ‘माणूस’ या अर्थाचा इंग्रजी तुकडा नाही. सगळ्यांना एस. आणि माउस संगणकाचा असेल तर माइस आणि माउसेस दोन्ही चालतात.

शेवटचं उदाहरण खास आपलं. मुंगूस! इंग्रजीतला ‘मंगूज’ हा मराठीतून गेलेला शब्द आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी लिखाणात दिसतो. शेवटी जी-डबल ओ-एस-ई असं स्पेलिंग पडलं, म्हणून ‘गूज’चा भाऊ वाटतो. पण बदकाच्या त्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून अनेकवचन ‘मंगूजेस’, ‘मंगीज’ नाही. वर्गात हे सांगून बघा, मुलं आयुष्यात विसरणार नाहीत. आपल्या बांधावरचं मुंगूस इंग्रजीच्या शब्दकोशात आहे याचा आनंद त्यांना होतोच.

गिरणाकाठ
फार उपयोगी! माउस-माइस, लाउस-लाइस झालं, मग हाउसचं ‘हाइस’ का नाही, असा प्रश्न हमखास येतो. त्याला काय उत्तर द्यावं?

शब्दवेल्हाळ
प्रश्न फार चांगला आहे आणि उत्तरही आहे. हाउस जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी होता आणि त्या गटातल्या कित्येक शब्दांना अनेकवचनात प्रत्ययच लागत नसे. प्रत्यय नाही, मग तो ‘इ’ नाही, मग स्वराला धक्का नाही. हाउस तसाच राहिला आणि पुढे सगळ्यांबरोबर त्याला एस चिकटला. फक्त बोलताना आतला ‘स’ दंत्य ज होतो: हाउस, पण हाउजिज.

त्याच गटातले काही शब्द मात्र एस न घेता तसेच राहिले: शीप, डिअर, स्वाइन. म्हणून ‘शीप-शीप’ हा अपवाद नाही, जुना नियमच आहे. आपल्याकडे दगड-दगड, उंदीर-उंदीर, लाडू-लाडू म्हणतोच की. ‘एक लाडू, चार लाडू’ म्हणणाऱ्या मुलाला ‘वन शीप, फोर शीप’ कळायला किती वेळ लागेल?

बुकची गंमत सांगून थांबतो. तोही एकेकाळी स्वर पालटणारा होता, बोक-बेक असा. पुढे सरळ वाटेला लागला. म्हणजे हे कूळ आज सात शब्दांचं आहे, पूर्वी मोठं होतं.

बोरीकाठ_अमळनेर
एन लागणारे आज तीनच: ऑक्स-ऑक्सन, चाइल्ड-चिल्ड्रन आणि ब्रदरचं ब्रेदरन. यांतलं ब्रेदरन सख्ख्या भावांसाठी नाही, धर्मबंधू किंवा संघबंधू या अर्थाने. सख्खे भाऊ ब्रदर्सच.

चिल्ड्रन हे दुहेरी अनेकवचन आहे. आधी आर लागून ‘चिल्डर’सारखं रूप होतंच, ते पुरेसं वाटेना म्हणून वर एन लागला. त्यामुळे मूल ‘चिल्ड्रन्स’ लिहितं तेव्हा तिसरा थर चढवतं.

आपल्याकडे या कुळाची परीक्षा पोळ्याच्या निबंधात होते. निबंधात बैल येणारच. मुलं ‘ऑक्सेस’ लिहितात, नाहीतर ‘ऑक्सन्स’. सरळ सांगावं, दोनच पर्याय: ऑक्सन किंवा बुलक्स. बुलक हा साधा एस वाला शब्द, ज्याला ऑक्सन आठवत नाही त्याने बिनधास्त बुलक्स लिहावं. जोडी सांगायची तर ‘अ पेअर ऑफ ऑक्सन’. एक वाक्य श्रुतलेखनाला द्या: ‘द फार्मर्स वॉश देअर ऑक्सन, पेंट देअर हॉर्न्स अँड क्लीन देअर हूव्ह्ज.’ एका वाक्यात तीन कुळं येतात. फार्मर्स-हॉर्न्स सरळ, ऑक्सन एन वाला, हूव्ह्ज व्ही वाला. ‘हूफ्स’ लिहिलं तरी बरोबर धरा, वर सातपुडा सरांनी सांगितलंच आहे.

केळीवरही असंच एक: ‘टू डझन बनानाज’. आकडा पुढे असेल तर डझन, हंड्रेड, थाउजंड यांना एस नाही. आकडा नसेल आणि ‘कितीतरी’ म्हणायचं असेल तर एस आणि ऑफ दोन्ही: ‘डझन्स ऑफ बनानाज’. क्विंटलला मात्र एस लागतो, ‘टेन क्विंटल्स’. आणि दहा रुपयांची नोट ‘अ टेन-रुपी नोट’, तिथे रुपी विशेषणाच्या जागी बसलाय म्हणून एस गेला.

अरुणावती
अकरावी-बारावी सायन्स आणि कृषी पदविकेच्या मुलांसाठी लॅटिन-ग्रीक कूळ लिहिते. इथे शेवट बघून ओळखता येतं, पण फसव्या जागा आहेत.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घ्या. अंडी, अळी, कोष, पतंग. इंग्रजीत अळी लार्वा, अनेक असतील तर लार्व्ही; शेवटी ए ला ई जोडायचा. कोष प्युपा, अनेक प्युपी. पतंग मॉथ, तिथे साधा एस. जर्नलमध्ये मुलं ‘मेनी लार्वा वेअर फाउंड’ किंवा ‘लार्वाज’ लिहितात. बोंड फोडून तीन अळ्या दिसल्या तर ‘थ्री लार्व्ही’. ॲल्गा-ॲल्गी तसंच. अँटेना कीटकाची असेल तर अँटेनी, टीव्हीची असेल तर अँटेनाज. फॉर्म्युलाला दोन्ही.

केळीवरचा करपा बुरशीचा रोग. बुरशी फंगस, अनेक फंगाय. न्यूक्लिअस, रेडिअस, स्टिम्युलस सगळे यू-एस जाऊन आय. पानावरचं रंध्र स्टोमा, अनेक स्टोमाटा. हा ग्रीक, त्यामुळे ‘स्टोमी’ करू नये.

यू-एम आणि ओ-एन जाऊन ए: बॅक्टेरिअम-बॅक्टेरिया, मीडिअम-मीडिया, स्ट्रॅटम-स्ट्रॅटा, फिनॉमिनन-फिनॉमिना, क्रायटेरिअन-क्रायटेरिया. सगळ्यात जास्त चूक ‘अ बॅक्टेरिया’ आणि ‘धिस क्रायटेरिया’. एकच असेल तर बॅक्टेरिअम, क्रायटेरिअन.

आय-एस चं ई-एस: क्रायसिस-क्रायसीज, ॲनालिसिस-ॲनालिसीज, बेसिस, थिसिस, डायग्नोसिस, हायपॉथिसिस. उच्चार ‘सिस’चा ‘सीज’, दीर्घ. ॲक्सिसचं ॲक्सीज आणि कुऱ्हाडीचं ॲक्सिज, स्पेलिंग तंतोतंत एक. आलेखाबद्दल बोलताना दीर्घ, लाकडाबद्दल बोलताना ऱ्हस्व.

इंडेक्स, मॅट्रिक्स, व्हर्टेक्स: गणितात इंडायसीज, मॅट्रायसीज, व्हर्टायसीज. पुस्तकाच्या सूचीला इंडेक्सेस. ऑक्टोपस-ऑक्टोपाय हेही याच गटात.

शब्दवेल्हाळ
अरुणावती ताई, शेवटची ओळ दुरुस्त करावी अशी विनंती. ऑक्टोपस ग्रीक आहे, ‘आठ पायांचा’. त्यातला ‘पस’ म्हणजे पाय, लॅटिनचा यू-एस प्रत्यय नाही. ऑक्टोपाय शब्दकोशांत सापडतं, पण ते गैरसमजातून आलेलं. मुलांना ऑक्टोपसेस द्यावं.

यू-एस दिसला की आय करायचा, ही सवयच धोक्याची. व्हायरस, बोनस, कॅम्पस, सेन्सस, प्रॉस्पेक्टस, स्टेटस सगळ्यांना ई-एस. जीनसचं जेनेरा, कॉर्पसचं कॉर्पोरा. बस तर ‘ऑम्निबस’चं शेपूट, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच ‘सर्वांसाठी’. ते मूळचं अनेकवचनी रूप आहे, त्याचा ‘बाय’ होणार कसा?

अरुणावती
मान्य. ऑक्टोपसेसच द्यावं. उलट बाजूही लिहून ठेवते: यू-एम दिसला म्हणून सगळ्यांना ए नको. अल्बम्स, म्युझिअम्स, स्टेडिअम्स, फोरम्स. ओ-एन मध्ये इलेक्ट्रॉन्स, न्यूट्रॉन्स, प्रोटॉन्स. अजेंडा मुळात अनेकवचन, पण आज एकवचन म्हणून रुळला, अनेकवचन अजेंडाज. डेटा शास्त्रीय लेखनात अनेकवचनी, एरवी एकवचनीही चालतो. प्रबंधात सुरुवातीला एक धरलं की शेवटपर्यंत तेच ठेवावं.

सिरीज आणि स्पीशीज दोन्ही वचनांत तेच. ‘अ स्पीशी’ लिहू नये. एस काढलेला तो शब्द नाण्यांच्या रूपातल्या पैशाला म्हणतात, प्राण्याला नाही.

कापूसबोंड
अनेकवचनच नसलेले शब्दही घ्या, कारण पाट्यांवर आणि अर्जांत तीच चूक दिसते. ‘फर्निचर्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘स्टेशनरीज’, ‘लगेजेस’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘ॲडव्हायसेस’. एकालाही एस लागत नाही. मोजायचे असतील तर पुढे ‘पीस’ घ्या: ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’. जळगावच्या सराफ बाजारात सोनं घ्या की चांदी, ज्वेलरी तशीच राहते. दागिने मोजायचे तर ‘थ्री पीसेस ऑफ ज्वेलरी’, नाहीतर सरळ ‘ऑर्नामेंट्स’ म्हणा, त्याला एस चालतो.

मराठीतला आधार इथेही आहे. ज्वारी, तूर, कापूस आपण एकवचनातच बोलतो, ‘कापूस आला’ म्हणतो. कॉटनही तसाच. पण आपलं फर्निचर ‘आलं’ आणि सामान ‘आलं’ म्हणणारं मूल इंग्रजीत एस का लावतं? त्याला अनेकवचन करायला सांगितलंय म्हणून. प्रश्नपत्रिकेत असा शब्द टाकून ‘अनेकवचन लिहा’ विचारणं बंद व्हायला हवं. तिथे ‘मोजता येतो की नाही’ असं विचारावं.

न्यूज आणि मॅथेमॅटिक्स शेवटी एस असूनही एकवचनी. सिझर्स, ट्राउझर्स, टाँग्ज एकच असले तरी अनेकवचनी. कॅटल आणि पोलीस एस नसूनही अनेकवचनी: ‘द कॅटल आर ग्रेझिंग’.

पांझरा_धुळे
कॅटल आर वरून एक मुद्दा, जो अहिराणी घरांतल्या मुलांसाठी मोलाचा आहे.

अहिराणीत ‘तो शे’ आणि ‘त्या शेतस’. ‘तो जास’, ‘त्या जातस’. म्हणजे अनेक झाले की क्रियापदात ‘तस’ येतं आणि कानाला शेवटचा स ऐकू येतो. इंग्रजीत नामाला एस लागला की अनेक, पण क्रियापदाला एस लागला की एक. ‘द लीफ फॉल्स’, ‘द लीव्ह्ज फॉल’. एस एका वेळी एकाच खांद्यावर बसतो. आडवळणी अनेकवचनात ही खूण दिसतच नाही, मेन-फीट-ऑक्सन-चिल्ड्रन यांना एस नाही, म्हणून मूल तो क्रियापदाला लावतं: ‘द चिल्ड्रन प्लेज’. ही चूक अनेकवचनाची नाही, पण अनेकवचन शिकवतानाच सुटते.

उपाय म्हणजे अनेकवचन कधीच सुटं घेऊ नका. ‘फूट-फीट’ न म्हणता ‘माय फूट हर्ट्स, माय फीट हर्ट’. जोडी क्रियापदासकट तोंडी बसवायची. आणि हे समजावताना अहिराणीतच ‘शे, शेतस’ फळ्यावर लिहा. घरची बोली वर्गात आली की मूल बोलायला लागतं.

वाघूर
जोडशब्द राहिले. मुख्य नाम कोणतं ते शोधायचं, त्याला एस. जावई सन-इन-लॉ, दोन जावई सन्स-इन-लॉ. पासर्स-बाय, रनर्स-अप, कमांडर्स-इन-चीफ. नामच नसेल तर शेवटी: ग्रोन-अप्स, फर्गेट-मी-नॉट्स. मॅन किंवा वुमन पुढे असेल तर दोन्ही बदलतात, ‘विमिन डॉक्टर्स’. पण ‘लेडी डॉक्टर्स’मध्ये एकच.

शेवभाजीची कृती इंग्रजीत लिहिताना ‘दोन चमचे तिखट’ हे ‘टू स्पूनफुल्स’. एकच चमचा दोनदा भरला तरी चालतो, माप महत्त्वाचं. ‘टू स्पून्स फुल’ म्हटलं तर खरोखर दोन वेगळे चमचे भरून ठेवलेले.

स्वल्पविरामासारखं वर लागणारं ते चिन्ह, ॲपोस्ट्रॉफी. अनेकवचन एस ने संपत असेल तर चिन्ह एसच्या नंतर: मुलींची शाळा, ‘गर्ल्स’ लिहून मग चिन्ह. एस ने संपत नसेल तर आधी चिन्ह, मग एस: मेन्स, विमिन्स, चिल्ड्रन्स. बागेच्या पाटीवर चिल्ड्रन, एस आणि मग चिन्ह असं लिहिलेलं दिसतं, ते चूक. चिल्ड्रन हे आधीच अनेक आहे, त्याला मालकीचा एस हवा आणि चिन्ह त्या एसच्या आधी. जावयाचं घर सांगताना मात्र चिन्ह आणि एस अगदी शेवटी, लॉ नंतर. म्हणजे अनेकवचनाचा एस सनला, मालकीचा लॉला.

गिरणाकाठ
सगळं मिळून वेळापत्रक कसं बसवावं?

बोरीकाठ_अमळनेर
रोज दहा मिनिटं, एका दिवशी एकच कूळ, सहा ते आठ शब्द. त्याहून जास्त नको. पहिले दोन दिवस फक्त तीन आवाजांचा एस. तिसऱ्या दिवशी व्ही वाले, चौथ्या दिवशी त्यांचे एफ वर थांबलेले शेजारी, आणि हे दोन दिवस लागोपाठच हवेत. मध्ये आठवडा गेला की रूव्ह्ज सुरू. मग स्वर पालटणारे सात, एन वाले तीन, न बदलणारे. लॅटिन-ग्रीक आठवीच्या आधी घेऊ नये, आठवीतही क्रायसिस, फंगस, बॅक्टेरिअम एवढेच, विज्ञानाच्या पुस्तकात येतात म्हणून.

तपासायला खोटा शब्द वापरा. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली हेच केलं होतं. लहान मुलांना एका काल्पनिक पाखराचं चित्र दाखवलं, ‘हा वग’, मग दोन दाखवून विचारलं, ‘आता दोन काय?’ मुलं वग्ज म्हणाली. हा शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता, म्हणजे नियम डोक्यात होता. आपणही फळ्यावर तीन खोटे शब्द लिहावेत, ब्लिक, झॅग, मॉश. ब्लिक्स, झॅग्ज, मॉशिज असं आलं तर सरळ वाट पक्की. ‘मॉश्स’ आलं तर आडवळणाकडे अजून जाऊ नका.

आणि पाचवीच्या मुलाने ‘फूट्स’ किंवा ‘माउसेस’ लिहिलं तर लाल रेघ ओढण्याआधी म्हणा, ‘नियम बरोबर लावलास, हा शब्द जुन्या घरचा आहे.’ इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती मुलंही लहानपणी हेच म्हणतात.

कापूसबोंड
एक शेवटचं, फिश आणि पीपल. तापीत मासे पकडले, ‘टेन फिश’ की ‘टेन फिशेस’?

शब्दवेल्हाळ
मासे मोजताय तर ‘टेन फिश’. तापीत दहा जातींचे मासे आहेत असं म्हणायचं असेल तर ‘टेन फिशेस’ चालतं, विज्ञानात तसं लिहितात. पीपलचंही तसंच. बाजारात जमलेली माणसं पीपल, क्रियापद ‘आर’. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणी असे वेगवेगळे समाज म्हणायचे असतील तर पीपल्स, एस सकट.